कूलरची चप्पल

“सूनबाई, त्या कूलरची जाळी जरा इकडं वळव बरं. सारी हवा भिंतीलेच लागून राह्यली,” मामाजी म्हणाले.

सासऱ्यांना आमच्या वऱ्हाडात मामाजी म्हणतात. मी नुकतंच त्या घरचं माप ओलांडलं होतं. दारात पाय धुतले होते आणि ओल्या पायांनीच बैठकीत येऊन सतरंजीच्या कडेला बसले होते. सासऱ्यांनी सुनेला सांगितलेलं हे पहिलं काम. मी लगबगीने उठले, पदर सावरला आणि जाळीला हात लावला.

कोपरापर्यंतचं हाड कुणीतरी ओल्या धुण्यासारखं पिळून काढलं. दातावर दात आपटले आणि मी मागे फेकले गेले ती थेट आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या पायांपाशी. हातातला हिरवा चुडा फुटला. सतरंजीवर काचाच काचा झाल्या.

आणि अख्खं घर हसलं.

मामाजी मांडीवर थापा मारत हसले, आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या, पाहुणे पोट धरून हसले. माझा नवरा अनंता, ज्याच्या गळ्यात मी सकाळीच माळ घातली होती, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचेही खांदे हलत होते.

“बसला! बसला!” मामाजी डोळे पुसत म्हणाले. “घरानं ओळखलं तुले, बेटा. आता तू पक्की कोळपकर झाली.”

“उठ वं, रडू नको,” आत्याबाई म्हणाल्या. “अठी आलेल्या सगळ्यायलेच बसते एकडाव. रीत हाय आमची.”

मग त्यांनी कूलरच्या मागे लपवलेली निळी रबरी चप्पल पायाने पुढे ढकलली. ती कूलरची चप्पल. ती दुसऱ्या कशाला वापरायची नाही. कूलरमध्ये पाणी भरायचं, जाळी वळवायची, बटण दाबायचं, तर आधी ती पायात घालायची. मग हाताला नुसत्या मुंग्या यायच्या.

मामाजी, मुरलीधर कोळपकर, म्हणजे गावातलं भांड्यांचं सगळ्यात मोठं दुकान. दुकानामागच्या शेडमध्ये स्वतः उभं राहून त्यांनी तो कूलर जाड लोखंडी पत्र्याचा बनवून घेतला होता. उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा. मे महिन्यात आमच्याकडे कावळ्याचीही चोच उघडी राहते, पण कोळपकरांच्या बैठकीत पांघरूण लागायचं. त्या पत्र्यात करंट उतरतो हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तो दुरुस्त करून घ्यावा असं कुणाच्या मनात आलं नाही; त्यांनी चप्पल आणली. आणि नवीन माणूस घरात आलं की चप्पल लपवायची. जावई सुटले नाहीत, दुकानातला मुनीम सुटला नाही, गल्लीतल्या बायाबापड्याही सुटल्या नाहीत. दूधवाला तर म्हणे अख्खी कॅन सांडून पळाला. ती गोष्ट दर उन्हाळ्यात नव्याने सांगितली जायची आणि दर वेळी दूध थोडं जास्त सांडायचं.

मला राग आला होता, पण नव्या नवरीचा राग म्हणजे पाहुण्यांची आणखी एक करमणूक. तो मी गिळला. वाईट वाटलं ते चुड्याचं. तो माझ्या आईने भरला होता.

माझी आई, सरूबाई तवटे, दारोदार फिरून बांगड्या भरायची. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे तिचा उजवा हात हेच आमचं घरदार होतं. समोरच्या बाईचा पंजा ती मुठीत घ्यायची, गप्पा मारता मारता अंगठ्याखालचं हाड असं काही दाबायची की बाईचं वाक्य संपायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असायची. लहान मापाची बांगडी मोठ्या हातात न तडकता चढवावी तर सरूबाईनेच, असं बाया म्हणायच्या. बाळंतिणींच्या सुजलेल्या हातांना सुद्धा ती कधी दुखवायची नाही.

आम्ही राहायचो ती खोली भाड्याची. तिथला एकुलता एक बल्ब घरमालकिणीच्या मीटरवर होता आणि त्याचं बटण तिच्या स्वयंपाकघरात होतं. तिचं कुणाशी बिनसलं की आमच्याकडे अंधार व्हायचा. आई चाचपडत भाकरी थापायची आणि म्हणायची, “तुह्या घरी तुह्या नावाची लाइन पाह्यजे, कुमे. दुसऱ्याच्या बोटावर नाई.” विजेला आमच्याकडे लाइनच म्हणतात.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत शहराच्या वीज कंपनीची माणसं जुने चाकाचे मीटर काढून नवे बसवत आमच्या गल्लीत आली. बरोबर सोळंके नावाचे इंजिनिअर होते. घामाने डबडबलेले आणि कामाला विटलेले. मामाजींनी त्यांना आदराने बैठकीत बसवलं, पन्हं दिलं, आणि म्हणाले, “साहेब, ती जाळी जरा तुमच्याकडं वळवा ना.”

साहेबांच्या पायात बूट होते, म्हणून बेत फसला. बोटांना मुंग्या आल्या तसा त्यांनी हात झटकला, खिशातून टेस्टर काढला आणि पत्र्याला लावला. टेस्टरचा दिवा लख्ख पेटला.

“अर्थिंग कुठे आहे तुमचं?” त्यांनी विचारलं.

“अंगणात होतं.”

“होतं म्हणजे?”

मामाजींनी अभिमानाने अंगणाकडे हात केला. आमच्या लग्नासाठी त्यांनी तिथे गुळगुळीत, चकचकीत फरशी घातली होती. अर्थिंगचा खड्डा तिच्याखाली गेला होता. “वायर मधात येत होती, तं मिस्त्रीनं कापली,” ते म्हणाले.

“मग फरशी उघडा. खड्ड्यात नवी पट्टी टाका, मीठ-कोळसा भरा आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा. आत्ता त्या पत्र्यात आलेला करंट जमिनीत जायला वाटच नाही. तो माणसातून जातो.”

“फरशी फोडू? अख्ख्या गल्लीत नाही अशी फरशी! कंपनीनंच करून द्या ना काई तरी.”

सोळंके साहेब उठले. हे वाक्य त्यांनी दारोदार म्हटलं असावं, कारण ते त्यांनी जांभई देत म्हटलं. “खांबापासून मीटरपर्यंत आमचं. मीटरच्या पुढे वीतभरही आमचं नाही. उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर मीटर ज्याच्या नावावर, त्याला धरतील. मी सांगितलं, माझं काम संपलं.”

ते गेल्यावर मामाजी बराच वेळ हनुवटी खाजवत बसले. मला वाटलं, फरशीचाच विचार करत असतील.

आठवडाभरात एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. हातात पितळेची चकाकती पाटी होती. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं यंत्र असतं ना, त्यावर त्यांनी ती स्वतःच्या हाताने कोरली होती: ‘सौ. कुमुद अनंता कोळपकर’. अक्षर सुरेख. कोरीव कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

“घराची लक्ष्मी कोण? सून,” ते म्हणाले. “मंग लाइन तिच्या नावावर पाह्यजे. घराचा मालक म्हणून मी लिहून देतो, तू सही कर. आजपासून मीटर तुह्या नावाचं.”

 अनंताने मान खाली घातली. मला वाटलं, बायकोचं कौतुक ऐकून लाजला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी खुशाल शेंड्यापर्यंत चढले. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर काही झालं होतं. ओसरीत मीटरच्या खाली पाटी बसली, आणि मी येता-जाता तिला पदराने पुसू लागले. ती पाटी आजही माझ्याकडे आहे. त्यातलं ‘कोळपकर’ मी पुढे कानशीने घासून काढलं.

“मामाजी,” मी दुसऱ्या दिवशी हिंमत करून म्हणाले, “लाइन माझ्या नावची झाली, तं ते अर्थिंगचं बी करून घेऊ का?”

“करू ना, बेटा. पाणी पडलं का करू. घाई कायची हाय?”

आईला निरोप धाडला. मीटर माझ्या नावावर झालं हे ऐकून ती इतकी हरखली की मेच्या उन्हात एसटीने यायला निघाली. मी मात्र धास्तावले. ती यायच्या आदल्या दिवशी मामाजींसमोर उभी राहिले.

“मामाजी, माय येऊन राह्यली. तिची थट्टा नका करजा कूलरची.”

“बाप्पा! ईनबाईची थट्टा नाई करायची तं कोणाची करायची?” विहिणीला आमच्याकडे ईन म्हणतात, आणि तिची चेष्टा करायचा व्याह्याला, म्हणजे इवायाला, हक्कच असतो.

“हात जोडून सांगते. तिच्या हातावर तिचं पोट हाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, “बरं बाई, नाई करत. झालं?”

आई आली ती एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात बांगड्यांची पेटी घेऊन. माझा चुडा फुटल्याचं तिला कळलं होतं. पाय घसरला, असं मी सांगितलं होतं. मी तिच्या पायांवर पाणी घातलं आणि तसंच कानाशी लागून म्हणाले, “माय, त्या कूलरले हात नको लावू. करंट हाय त्याच्यात. कोणी काईही सांगो.”

“बरं,” ती म्हणाली. तिचं लक्ष पाटीकडे होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिने मीटरला हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि पाटीवरच्या कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“याच्यात कुमुद कोणतं?”

मी तिचं बोट धरून दाखवलं.

“आता कोणी तुही लाइन बंद नाई करू शकत,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला बैठकीत दाराजवळ, कूलरपासून लांब बसवलं. निळी चप्पल मुद्दाम तिच्यासमोर ठेवली. तेवढ्यात आत्याबाईंनी मला आत पाठवलं, “ईनबाईसाठी सरबत कर वं.”

मी लिंबू पिळत होते. बैठकीतून मामाजींचा आवाज आला. फार प्रेमळ आवाज होता तो. “ईनबाई, गरम होत असंल तुमाले. ती जाळी जरा वळवून घ्या ना तुमच्याकडं.”

मी लिंबू टाकून धावले. स्वयंपाकघराच्या दारात पोचते न पोचते तोच त्यांचं ठेवणीतलं ओरडणं ऐकू आलं, “बसला! बसला!” हसू सुरू झालं आणि मध्येच थांबलं.

आई फेकली गेली नव्हती. चारही बोटं जाळीच्या भोकांतून आत गेली होती आणि पंजा तिथेच आवळला गेला होता. पाय ओले, खाली फरशी. ती ओरडतही नव्हती. नुसतीच थरथरत माझ्याकडे पाहत होती. मामाजींचं तोंड हसण्यासाठी उघडलेलं तसंच उघडं होतं. अनंता दोन हात पुढे करून उभा होता, पण हात लावायची त्याची छाती होत नव्हती. निळी चप्पल सोफ्याखाली सरकवलेली मला दिसली.

मेन स्विच ओसरीत, माझ्या पाटीखाली होता. मी तो खाली ओढला. आत काहीतरी धप्पकन पडलं.

आई वाचली. हात नाही वाचला. बोटं आतपर्यंत भाजली होती आणि नसा आखडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, पण ही मूठ आता मिटणार नाही. आईने ते ऐकलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

“मी तुले सांगितलं होतं ना वं?” मी रडत विचारलं. “कायले लावला हात?”

 ती म्हणाली, “सांगितलं होतंस. पण पोरीच्या सासऱ्यानं पह्यल्यांदा काई सांगितलं, नाई कसं म्हणू? अन् त्यायचे सगळ्यायचे चेहरे पाह्यले मी. म्हटलं, हसतील एकडाव अन् सोडून देतील. आपल्यावर हसल्यानं पोरीचं बरं होत असंल, तं होऊ दे.”

तिला माहीत होतं. माहीत असून तिने हात लावला होता. त्या क्षणापर्यंत मी नुसती दुःखात होते. त्यानंतर माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून पुरतं विझलेलं नाही.

संध्याकाळी मामाजी सफरचंदं घेऊन दवाखान्यात आले. मला व्हरांड्यात बोलावलं. अनंता त्यांच्यामागे होता.

“पोलीस इचारतील,” मामाजी म्हणाले. “सांगजो का ईनबाईचा पाय घसरला. वयाची बाई हाय.”

“तुम्ही जाळी वळवायले सांगितलं.”

“बेटा,” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, “मी तुह्या भल्याचं सांगून राह्यलो. लाइन कोणाच्या नावची? मीटरच्या पुढं जे होते, ते नाववाल्याच्या माथी. साहेब आपल्या तोंडानंच बोलले. अर्थिंग कोणी नाई केलं? नाववाल्यानं. मायच्या हाताची केस लेकीवरच येईल. तुले जेलात पाठवू का मी?”

मी अनंताकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता. पाटी आणली त्या दिवशी पाहत होता, अगदी तसाच. तेव्हा तो लाजला नव्हता.

“तुमाले माहीत होतं,” मी म्हणाले.

“बाबा म्हणे, नावच तं हाय नुसतं,” तो पुटपुटला.

घराची लक्ष्मी! करून सवरून स्वतः नामानिराळे, आणि सुळावर द्यायला सून. सफरचंदांची पिशवी मी त्यांच्याच हातात परत दिली आणि आत गेले.

अपघाताची पाहणी करायला सोळंके साहेब भर दुपारी घरी आले. मीही दवाखान्यातून आले. बैठकीत कूलर सुरूच होता. आईचं कातडं ज्या जाळीला चिकटलं होतं ती जाळी घासूनपुसून लख्ख केली होती, आणि चप्पल पुन्हा आपल्या जागी होती.

“मीटर सुनेच्या नावावर हाय,” मामाजींनी साहेबांनी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही ग्राहक?”

“हो, मीच.”

“मी सांगून गेलो होतो. अर्थिंग का नाही केलं?”

“घर माझं नाई, फरशी माझी नाई, कूलर बी माझा नाई. नाव तेवढं माझं हाय. त्या नावाले तुमच्या नियमानं काय काय करता येते, ते सांगा.”

साहेब जरा गडबडले. “म्हणजे, नाव बदलता येतं. जोडणी बंद करून मागता येते.”

“मंग बंद करा. खांबावरून काढा.”

मामाजी हसले. खरोखरच हसले. “अवं, मे महिना हाय! डोकं फिरलं काय?”

“साहेब, ग्राहक मीच ना? लिहून देते. धोक्याचं घर हाय हे. लाइन तोडा.”

साहेबांनी एकदा मामाजींकडे पाहिलं, एकदा त्या लख्ख जाळीकडे. “ग्राहकानं मागितलं, आणि वरून अपघाताची जागा,” ते म्हणाले. “परत हवी असेल तर अर्थिंग करा आणि ग्राहकाच्या सहीने अर्ज द्या.” त्यांनी बाहेर हाक मारली. एक माणूस खांबावर चढला.

कूलरचा पंखा हळूहळू मंदावला, घरघरला आणि थांबला. आईच्या वेळी मी मेन स्विच ओढला तेवढं सोडलं, तर मी त्या घरात आल्यापासून तो आवाज कधी बंद पडला नव्हता. शांततेत फक्त टाकीतलं पाणी ठिबकत होतं. मी स्क्रू काढून माझी पाटी उतरवली आणि दवाखान्यात आईकडे गेले. त्या घरात राहायला मी परत कधी गेले नाही.

पुढचं मला गल्लीतल्या बायांकडून कळत गेलं. मामाजींनी शेजाऱ्यांकडे वायर मागितली. डावीकडच्यांनी नाही म्हटलं, उजवीकडच्यांनी नाही म्हटलं, समोरच्या म्हाताऱ्या बाईने तर दारच लावून घेतलं. प्रत्येकाने त्या घरात कधी ना कधी झटका खाल्ला होता आणि प्रत्येकाला पाहून ते घर हसलं होतं. पंप बंद म्हणून टाकीत पाणी नाही. अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नसलेली ती फरशी उन्हाने अशी तापायची की अंगणात पाय ठेवता येईना. आत्याबाईंना दोनदा घेरी आली. मला त्यांची दया आली नाही. का यावी? त्या दिवशी सरबताच्या निमित्ताने मला आत पाठवून चप्पल सोफ्याखाली कुणी सरकवली होती, हे मला ठाऊक होतं.

मामाजी स्वतःच्या नावाने नवं मीटर घेऊ शकत होते. तेवढं एक करायला ते धजत नव्हते. अपघात झालेल्या जागेवर त्यांना आपलं नाव नको होतं. उकाड्यात बसून राहिले, पण नाव द्यायला तयार झाले नाहीत.

अखेर ते आमच्या खोलीवर आले. सुकले होते, दाढी वाढली होती. आई गळ्यात हात अडकवून बसली होती. तिने सवयीने उठून पाणी द्यायला पाहिलं आणि डाव्या हाताने पेला सांडला.

“फरशी फोडली,” मामाजी जमिनीकडे पाहत म्हणाले. “मीठ-कोळसा, पट्टी, सारं टाकलं. आता सही दे, बेटा. तुही सासू मरून जाईल.”

“देते. मीटर तुमच्या नावावर होईल.”

 त्यांनी होकाराची मान हलवली.

“अन् दुसरं. लाइन जोडून साहेब पाहतील, मंग तुम्ही पाय धुवाल अन् कूलरले हात लावाल. तवा माझी सही होईल. माय बी येईल पाहायले.”

“कुमे,” आई म्हणाली.

“तू मधात नको बोलू, माय.”

ठरल्या दिवशी अंगणात फोडलेल्या फरशीचा ढीग पडला होता आणि मधोमध ओल्या मातीचा खड्डा होता. दारात गल्ली जमली होती. मीच सगळ्यांना बोलावलं होतं. चाचणीपुरती लाइन जोडली. कूलर घरघरला. सोळंके साहेबांनी पत्र्याला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

“करंट नाही आता,” ते म्हणाले. “लहान मुलानेसुद्धा हात लावावा.”

मी त्यांच्याच दुकानातला पितळी तांब्या भरून आणला. “पाय पुढं करा, मामाजी.”

“साहेबानं पाह्यलं ना?”

“साहेबाच्या पायात बूट हायेत.”

मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, घोट्यापर्यंत, आईच्या पायांवर घातलं होतं तसंच. ते कूलरपाशी गेले आणि थांबले. आपला कूलर, आपलं अर्थिंग, आपल्या डोळ्यांदेखत भरलेला खड्डा, आणि हात उचलेना. कपाळावरून घाम नाकावर आला. नजर इकडे तिकडे काही शोधत होती. काय शोधत होती ते सगळ्यांना कळलं.

आईला निळी चप्पल कोपऱ्यात दिसली. ती उठली, पायाने चप्पल त्यांच्यापाशी सरकवली आणि हळूच म्हणाली, “घाला, इवाईबुवा.”

मी ती चप्पल लाथेने दाराबाहेर उडवली.

मामाजींनी डोळे मिटले. हात पुढे गेला, थांबला, परत पुढे गेला. जाळीला बोट लागायच्या आतच त्यांनी अशी किंकाळी फोडली की दारातल्या बाया मागे सरकल्या. ते मागच्या मागे कोसळले, बरोबर आत्याबाईंच्या पायांपाशी. धोतर ओलं झालं. कूलर शांतपणे गार हवा सोडत होता.

 

“बसला!” मी ओरडले. “बसला!” आणि हसले. मांडीवर थापा मारून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्या अख्ख्या घरात मी एकटीच हसत होते. मग पदराने डोळे पुसले आणि सही केली.

आम्ही दोघी ऑटोने परत निघालो. स्टँड दिसू लागलं तेव्हा ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, “कुमे, तू हुबेहूब त्यायच्यावाणीच हसली वं.”

मी तिचा तो न मिटणारा हात माझ्या मांडीवर घेतला. तिने तो हळूच काढून घेतला.